मॉरोविंडच्या मॉडमधल्या पुस्तकांची नावदुरुस्ती: नव्यानं सुरुवात करणाऱ्यांसाठी

२०२५ च्या गुढीपाडव्याच्या आठवड्यात आमच्या मॉडची, म्हणजे मॉरोविंड या संगणकावरच्या खेळात चाहत्यांनी घातलेल्या भरीची, नवी आवृत्ती बाहेर पडली. सोबतच्या बदलांच्या यादीत, नव्या गुहा आणि नव्या मोहिमांच्या खाली, एक ओळ होती: ‘पुस्तकांतली विशेषनामं एकसारखी केली.’ त्या एका ओळीचं काम मी आधीच्या जूनपासून करत होते. हाती घेतलं तेव्हा असं काम कुणी कसं केलंय, कुठून सुरुवात करतात, कुठे अडतं, हे मराठीत शोधून पाहिलं. काही मिळालं नाही. इंग्रजीत मिळालं ते तुकड्यातुकड्यांत, आणि ज्यांना आधीच सगळं येतं त्यांच्यासाठी लिहिलेलं. म्हणून हे जरा सविस्तर लिहिते आहे.

मॉरोविंड न खेळलेल्यांसाठी दोन शब्द. ‘एल्डर स्क्रोल्स’ मालिकेतला हा तिसरा खेळ, २००२ साली आलेला. ज्वालामुखीचं बेट, राखेची वादळं, उंचच उंच अळंब्यांत राहणारे जादूगार, आणि जिकडेतिकडे पुस्तकं. पुस्तकं म्हणजे नुसती शोभेची नाहीत. उघडायची, पानं उलटायची, वाचायची. इतिहास, कविता, प्रवासवर्णनं, एकमेकांवर चिखलफेक करणारी पत्रकं, सगळं आहे. या खेळात बहुतेक संवादही ऐकायचे नसून वाचायचे असतात, त्यामुळे तो आवडणारी माणसं मुळातच वाचणारी. खेळाच्या पीसी आवृत्तीबरोबरच ‘कन्स्ट्रक्शन सेट’ नावाचं साधन मिळायचं, त्यावर लोकांनी आपापले प्रदेश रचले. वीसहून जास्त वर्षं झाली तरी अजून रचताहेत.

अशाच एका मॉडच्या गटात मी २०२४ च्या जूनमध्ये शिरले. मॉडचं नाव देत नाही, कारण पुढे सहकाऱ्यांच्या लेखनातल्या उणिवा येणार आहेत आणि ती सगळी हौसेनं, फुकट काम करणारी माणसं आहेत. मला चित्र काढता येत नाही, प्रोग्रॅमिंग जेमतेम येतं. पण मी एका बँकेत केवायसीच्या टेबलावर बसते. आधारवर एक नाव, पॅनवर दुसरं, लाइट बिलावर तिसरं, हे दिवसभर बघून डोळ्यांना एक सवय लागलेली आहे. मॉड खेळताना एकाच राणीचं नाव दोन पुस्तकांत दोन तऱ्हेनं दिसलं आणि ती सवय जागी झाली.

लगेच काम मिळत नाही, हे आधी सांगते. आमच्या गटात (आणि ऐकलं त्याप्रमाणे इतरही बऱ्याच ठिकाणी) पद्धत अशी: आधी एक छोटं चाचणीचं काम करून दाखवायचं. मला तीन पत्रकं दिली होती, त्यांतले टंकनदोष काढून, काय बदललं आणि का ते लिहून पाठवायचं होतं. पाठवल्यावर दोन आठवडे कुणीच काही बोललं नाही. पालख्या पुण्यात आल्या, मुक्काम करून पुढे गेल्या, तरी उत्तर नाही. मग एके रात्री अडीचला संदेश आला की ठीक आहे, ये. हा उशीर मनाला लावून घेऊ नका. तपासणारी माणसं वेगवेगळ्या देशांतली, त्यांना नोकऱ्या आहेत, पोरंबाळं आहेत. एकदा विनम्रपणे आठवण करावी, दुसऱ्यांदा आठवड्यानंतर.

मग काम ‘क्लेम’ करायचं, म्हणजे आपल्या नावावर लावून घ्यायचं. हे नुसतं कागदी सोपस्कार वाटतं, पण त्यामागे कारण आहे. मॉरोविंडच्या प्लगइन फाइली (ज्यांत मॉडची सगळी भर असते त्या) बायनरी असतात, म्हणजे साध्या मजकुरासारख्या वाचता येत नाहीत. दोघांनी एकाच फाइलवर एकाच वेळी काम केलं तर दोघांचे बदल ओळीला ओळ लावून एकत्र करता येत नाहीत. म्हणून ज्याच्या नावावर काम, त्यानंच फाइलला हात लावायचा. माझ्या नोंदीत लिहिलं होतं: पुस्तकं फक्त. संवाद नाहीत, मोहिमा नाहीत, मूळ खेळाचा मजकूर तर नाहीच नाही. ही शेवटची अट मला फार आवडली. मूळ पुस्तकांत काय असेल ते असो, ते आपलं नव्हे.

पहिलं खरं काम म्हणजे मजकूर बाहेर काढणं. कन्स्ट्रक्शन सेटमध्ये एकेक पुस्तक उघडून वाचत बसलात तर डोळे जातील आणि नावांची तुलना होणारच नाही. ‘टीईएसथ्रीकॉन्व्ह’ नावाचं फुकट साधन आहे, ते प्लगइनचं रूपांतर जेसनमध्ये, म्हणजे वाचता येईल अशा साध्या मजकुरात करतं आणि परत उलटही करतं. त्यातून पुस्तकांच्या नोंदी वेगळ्या काढायला पायथन भाषेतला आठदहा ओळींचा प्रोग्रॅम पुरला, तोही माझ्या मावसभावानं चिंचवडहून फोनवर सांगत लिहून घेतला. प्रत्येक नोंदीत पुस्तकाचा आयडी (खेळाच्या आतली ओळख), खेळाडूला दिसणारं नाव, वजन, किंमत आणि मजकूर असतो. मजकुरात एचटीएमएलसारख्या खुणा असतात: ओळ तोडायची, मजकूर मध्यावर आणायचा, अक्षराचा आकार. त्या खुणा काढून टाकलेली एक प्रत वाचायला आणि खुणांसकट एक प्रत सुधारायला, अशा दोन ठेवा.

ती वाचायची प्रत मी अप्पा बळवंत चौकात छापून आणली. सव्वादोनशे पानं, पानाला दोन रुपये, वर स्पायरल बाइंडिंगचे साठ. या सगळ्या प्रकरणात झालेला हा जवळजवळ एकमेव खर्च, आणि सगळ्यात वसूल झालेला. दुकानातल्या मुलानं वरचं पान वाचून विचारलं, “मॅडम, हे कुठल्या परीक्षेचं?” मी ‘डिपार्टमेंटल’ म्हणून सुटले.

आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक काका राहतात. शनिवार पेठेतल्या एका छापखान्यात त्यांची उभी हयात प्रुफं वाचण्यात गेली. खिळे जुळवण्याच्या काळापासून डीटीपीपर्यंत सगळं त्यांनी पाहिलेलं. संध्याकाळी कट्ट्यावर माझ्या हातात ते बाड बघून त्यांनी मागून घेतलं, दहा मिनिटं चाळलं आणि म्हणाले, “अगं, गोष्ट काय आहे ते मला कळत नाही, आणि कळायला नको. हे सहा जणांनी लिहिलंय ना?”

“जास्तच असतील काका. दहा-बारा वर्षांत येऊनजाऊन लिहिलंय.”

“मग लाल पेन खाली ठेव. आधी नावांची वही कर. प्रत्येक नाव, कुठल्या पानावर, कसं लिहिलंय. दुरुस्ती एकही करायची नाही वही पुरी होईपर्यंत.”

हा सल्ला मी इथे ठळक करून देते आहे, कारण दिसली चूक की सुधार, दिसली की सुधार, असा मोह अनावर होतो. काकांचं म्हणणं असं की पन्नासाव्या पानावर तुम्ही जे ‘बरोबर’ केलंत ते दीडशेव्या पानावर चूक ठरतं आणि मग मागे काय काय बदललं ते तुमचं तुम्हालाच आठवत नाही.

वही म्हणजे अर्थात स्प्रेडशीट केली. रकाने: नाव, त्याची सगळी रूपं, प्रत्येक रूप कुठल्या पुस्तकात, ते पुस्तक कुणी लिहिलं, केव्हा लिहिलं, आणि खेळातल्या जगात ते पुस्तक कुणी लिहिलंय असं दाखवलंय. शेवटचे दोन रकाने सुरुवातीला मी ठेवले नव्हते, ऑगस्टमध्ये वाढवले. ‘कुणी लिहिलं’ म्हणजे आपला खरा स्वयंसेवक. ‘खेळातला लेखक’ म्हणजे तो मठातला साधू, किंवा बादशाही कारकून, किंवा दारू पिऊन पत्र लिहिणारा खानावळवाला. हे दोघे वेगळे, आणि पुढचे सगळे निर्णय त्यांच्यामधल्या फरकावर उभे राहिले.

कसे ते सांगते. काही रूपं उघडच टंकनदोष होती. ड्वेमर लोकांच्या जुन्या अवशेषांची नावं मूळ खेळातच अशी आहेत की बोट घसरणारच: न्चुलेफ्टिंग्थ, ब्थुंगथुम्झ, आर्कन्गथांड. रोमन लिपीत व्यंजनांची नुसती रांग. व्हार्डनफेल या बेटाच्या नावात सुरुवातीला व्ही दोनदा आणि शेवटी एल दोनदा, त्यांतला एक कुठेतरी गळतोच. अशा ठिकाणी मूळ खेळ उघडायचा, तिथे जे आहे ते घ्यायचं, संपलं.

पण मूळ खेळावरून ‘नियम’ काढायला जाऊ नका. मी काही दिवस त्या नादात होते. तेल्व्हानी जादूगारांच्या वस्त्या तेल मोरा, तेल आरुन, तेल ब्रानोरा अशा दोन सुट्या शब्दांत लिहितात, हे छान एकसारखं आहे. तर मग ‘आल्ड’नं सुरू होणारी नावंही तशीच असतील? नाहीत. आल्ड वेलोथी सुटं, आणि आल्ड-रून मध्ये आडवी रेघ देऊन. मालिकेतल्या नंतरच्या लेखनात आल्ड-रूनच्या त्या रेघेच्या जागी अपॉस्ट्रॉफीही दिसते. म्हणजे प्रत्येक नाव सुटं बघायचं, आणि ‘मूळ’ म्हणजे कुठल्या खेळातलं मूळ हेही ठरवायचं. आमच्या गटानं ठरवलं: मॉरोविंडमध्ये असेल तर मॉरोविंडचं. हा निर्णय लेखी मागून घेतला. तुम्हीही घ्या.

दुसरा प्रकार म्हणजे खेळातल्या लेखकाची ढब. याला हात लावायचा नसतो. या मालिकेत एकाच देवाला वेगवेगळे लोक वेगवेगळ्या नावांनी ओळखतात आणि ते मुद्दाम आहे. एल्फांचा लोरखान तोच नॉर्ड लोकांचा शोर, सायरोडीलकरांचा शेझार, रेडगार्डांचा सेप आणि खजीतांचा लोरखाज. कायनारेथ या देवीला नॉर्ड ‘काइन’ म्हणतात. नेरेवार हा जुना वीर कसा मेला याच्या कथाच मूळ खेळात एकमेकींशी जुळत नाहीत, आणि तिथेच सगळी गंमत आहे. अशा जगात एखाद्या बादशाही कारकुनानं स्थानिक गावाच्या नावातली अपॉस्ट्रॉफी गाळली, तर ती लेखकाची डुलकी की कारकुनाचा माज? आपल्याकडे जुन्या इंग्रजी कागदांत गावांची नावं बघितलीत तर त्या कारकुनाचा जातभाई ओळखीचाच वाटेल.

माझ्याकडे असं एक पत्र होतं. खानावळवाल्याचं, उधारीबद्दलचं, अर्ध्या पानाचं. त्यात सात नावं आणि पाच चुकीची. ते लिहिणारा स्वयंसेवक अजून गटात होता म्हणून विचारता आलं. त्यानं उत्तर दिलं की खानावळवाल्याला लिहिता येत नाही, हेच तर त्या पत्रात आहे. वहीत त्या पत्रापुढे लिहिलं: ‘मुद्दाम. बदलू नये.’ हे लिहून ठेवणं दुरुस्तीइतकंच महत्त्वाचं, कारण आपल्यानंतर कुणीतरी उत्साही माणूस येणारच.

तिसरा प्रकार सगळ्यात त्रासाचा: जिथे आपल्याच लेखकांचं आपसांत एकमत नव्हतं. ती राणी, जिच्यामुळे मी यात पडले, ती सेल्वारिन. चार पुस्तकांत नाव येतं. तीन ठिकाणी एल दोन, एका ठिकाणी एक. बहुमत उघड होतं. मी प्रस्तावाच्या रकान्यात ‘दोन एल’ लिहून पुढे जाणार, तेवढ्यात गणपती आले. आमच्या गल्लीत त्या दहा दिवसांत लॅपटॉपसमोर बसून विचार करणं अशक्य असतं, म्हणून छापील बाड घेऊन काकांकडे आतल्या खोलीत बसायचे. काका म्हणाले, “तीन प्रती आहेत, पण तीन साक्षी आहेत का? तिघांनी एकाच कागदावरून उतरवलं असेल तर ती एकच साक्ष झाली.”

आणि मग त्यांनी भांडारकर संस्थेचा विषय काढला. पुण्यात लॉ कॉलेज रस्त्यानं जाता-येता ती इमारत दिसते, पण आत काय झालं हे मला शाळेतल्या एका ओळीपलीकडे माहीत नव्हतं. १९१७ साली स्थापन झालेल्या या संस्थेनं १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम हाती घेतलं आणि ते १९६६ मध्ये पुरं झालं. १,२५९ हस्तलिखितं पाहिली गेली. वि. स. सुखठणकर १९२५ पासून प्रमुख संपादक होते. त्यांनी हस्तलिखितं नुसती मोजली नाहीत, त्यांची घराणी लावली. कोण कुणावरून उतरलं, कुठली परंपरा कमी भेसळीची, हे बघून काश्मीरकडच्या शारदा लिपीतल्या प्रतींना जास्त वजन दिलं. पाठभेद फेकून दिले नाहीत, ते पानाखाली छापले. आणि जिथे पाठ निश्चित वाटला नाही, तिथे त्या शब्दांखाली नागमोडी रेघ दिली. काकांना ही नागमोडी रेघ फार प्रिय. “प्रेसला केवढा ताप असेल त्या रेघेचा, पण दिली,” असं ते दोनदा म्हणाले.

खेळातल्या राणीसाठी महाभारताची पद्धत म्हणजे कुणालाही हसू येईल. मलाही आलं. पण मी गटाच्या जुन्या चर्चा उपसल्या. त्या तीन पुस्तकांचे तिन्ही लेखक वेगवेगळे, पण तिघांनीही गटाच्या अंतर्गत माहितीपानावरून नाव घेतलं होतं, आणि त्या पानावर कुणीतरी दुसरा एल टाकला होता. त्याआधीच्या मूळ आराखड्यात एकच एल होता. राणीच्या थडग्याच्या आयडीतही एकच. म्हणजे साक्षी मोजायच्या तर एका बाजूला एक पान आणि दुसऱ्या बाजूला आराखडा, थडगं आणि सगळ्यात जुनं पुस्तक. एक एल जिंकला.

जिंकला म्हणजे माझ्या वहीत जिंकला. गटात मांडल्यावर दीड महिना चाललं. ऑक्टोबरच्या सुरुवातीला प्रस्ताव टाकला. एक जण म्हणाला दोन एल दिसायला चांगले. दुसरा म्हणाला खेळाडूंना आता सवय झालीये. तिसऱ्यानं दोनदा विचारलं की मी नक्की कोण. या तिसऱ्याचा मला राग आला होता, खोटं कशाला बोलू. पण बँकेत खातेदाराला मीही रोज तेच विचारते, त्यामुळे गप्प बसले. शेवटी उपयोगी पडला तो वहीतला ‘केव्हा लिहिलं’ हा रकाना. तारखा समोर ठेवल्यावर चवीढवीची चर्चा आपोआप मागे पडली. दिवाळी झाली आणि नोव्हेंबरच्या मध्यावर होकार आला.

ज्या नावांवर एकमत झालंच नाही ती मी तशीच ठेवली आणि वहीत त्यांच्यापुढे नागमोडी चिन्ह टाकलं. गटातल्या कुणाला त्याचा उगम ठाऊक नाही, पण चिन्ह रूढ झालंय.

आता प्रत्यक्ष दुरुस्ती. डिसेंबरमध्ये बसले तर काम आठवड्याच्या शेवटच्या काही संध्याकाळींत उरकलं, इतकं ते छोटं होतं. पण खड्डे आहेत, ते सांगते.

आयडीला कधीही हात लावायचा नाही. जेसनमध्ये आयडी आणि मजकूर एकाखाली एक असतात आणि सरसकट ‘शोधा आणि बदला’ केलं तर आयडीतलं नावही बदलतं. स्क्रिप्ट, मोहिमा आणि खेळाडूंचे सेव्ह (अर्ध्यावर साठवून ठेवलेले खेळ) हे सगळे आयडीवरून वस्तू ओळखतात. आयडीत चुकीचं स्पेलिंग असेल तर असू दे, ते खेळाडूला दिसत नाही. मला हे तपासणाऱ्या बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, म्हणून माझ्या पायथनमध्ये बदल फक्त मजकुराच्या रकान्यात होईल अशी तजवीज आधीच होती. गावांच्या नावांचंही तसंच: नकाशावरच्या जागेचं नाव स्क्रिप्टमध्ये आणि संवादांच्या अटींमध्ये वापरलेलं असतं, तिथे बदल केला तर कुणीतरी बोलायचं बंद होतं. ते वेगळं काम आहे, वेगळ्या क्लेमचं.

अपॉस्ट्रॉफीकडे लक्ष ठेवा. वर्डमध्ये लिहून चिकटवलेल्या मजकुरात ती वळलेली असते, कन्स्ट्रक्शन सेटमध्ये लिहिलेल्यात सरळ. डोळ्याला सारखीच दिसते, पण शोधताना दोन वेगळी अक्षरं. सुरुवातीला सगळ्या सरळ करून घ्या, मग नावं शोधा. इंग्रजी आवृत्ती विंडोज-१२५२ ही अक्षरसंहिता वापरते, त्यामुळे फाइल उघडताना आणि साठवताना ती नीट सांगितली नाही तर विशेष चिन्हांच्या जागी कचरा येतो.

बदलताना लांब नाव आधी, आखूड नंतर, आणि पूर्ण शब्द जुळेल असंच शोधायचं. आखूड नाव दुसऱ्या नावाच्या पोटात असतं. नावापुढचा इंग्रजी षष्ठीचा एस आणि अनेकवचन यांची वेगळी फेरी करा.

आणि पुस्तकाच्या मजकुराच्या शेवटी ओळ तोडण्याची खूण आहे ना, ते बघा. मॉरोविंडचं मूळ इंजिन (खेळ चालवणारा प्रोग्रॅम) शेवटच्या त्या खुणेनंतरचा मजकूर दाखवतच नाही. फाइलमध्ये शेवटचं वाक्य असतं, खेळात नसतं. मला अशी दोन पुस्तकं सापडली, ज्यांचं शेवटचं वाक्य प्रकाशनापासून कुणीच वाचलं नव्हतं. एक कादंबरीवजा पुस्तक होतं आणि खुनी कोण ते त्या शेवटच्या वाक्यात होतं! हे माझ्या क्लेममध्ये बसत नव्हतं, म्हणून वेगळी नोंद केली, परवानगी आली, मग खूण घातली. असं विचारत बसणं कंटाळवाणं आहे, पण तपासणाऱ्याला ‘नावदुरुस्ती’च्या फाइलीत दुसरंच काही सापडलं की तो सगळीच फाइल संशयानं बघतो.

एक गोष्ट माझ्या कामाच्या कडेला होती पण सांगण्यासारखी आहे. मॉरोविंडच्या संवादांत एखादा विषय निळ्या अक्षरांत येतो आणि त्यावर टिचकी मारून पुढे विचारता येतं. हे दुवे हातानं घातलेले नसतात. संवादात विषयाचं नाव जसंच्या तसं आलं की इंजिन स्वतः दुवा करतं. म्हणजे संवादात स्पेलिंग वेगळं पडलं तर दुवा तयार होत नाही आणि खेळाडू समोरच्याला काय विचारावं न कळून उभा राहतो. पुस्तकांत असे दुवे नसतात, पण खेळाडू पुस्तकात वाचलेलं नाव संवादात शोधतो. माझी वही त्यामुळे संवादवाल्यांनी मागून घेतली. गटात मला ‘मी नक्की कोण’ विचारणाऱ्यानंच ती मागितली.

दुरुस्त जेसनचं परत प्लगइन करून झालं की खेळात जाऊन बघणं आलं. प्रत्येक पुस्तक जगात शोधत हिंडायची गरज नाही, कन्सोल (खेळाला थेट आज्ञा लिहून द्यायची खिडकी) उघडून आयडी दिला की पुस्तक थेट आपल्या पोतडीत येतं. सगळी पुस्तकं एका बसण्यात उघडून पहिलं पान, शेवटचं पान आणि बदललेली नावं बघितली. शेजारी स्पायरलचं बाड, हातात पेन्सिल. काका एकदा येऊन बघून गेले. पडद्यावरची राख बघून म्हणाले, “धूळ फार आहे गं तुमच्या गावात.”

जानेवारीत काम तपासणीला दिलं. तपासणी म्हणजे दुसऱ्या माणसानं जुनं आणि नवं जेसन शेजारी ठेवून प्रत्येक फरक वाचायचा. इथे वही पुन्हा कामाला आली: प्रत्येक फरकाला वहीतला ओळक्रमांक दिला होता, त्यामुळे बाईंना ‘हे का’ असं फार वेळा विचारावं लागलं नाही. तरी दोन ठिकाणी त्यांनी माझा निर्णय फिरवला. एक मला पटला. दुसरा अजून पटलेला नाही, पण तपासणाऱ्याचा शब्द शेवटचा असं आधीच मान्य केलेलं असतं. फेब्रुवारीत काम मुख्य फाइलीत गेलं, आणि मग नुसतं थांबणं, कारण आवृत्ती बाकीच्यांची कामं झाल्याशिवाय निघत नाही. त्या काळात कृपा करून अजून एक नाव सुधारायला जाऊ नका. ते पुढच्या आवृत्तीच्या यादीत लिहा.

आधीच खेळणाऱ्यांचं काय होतं, हे मला बऱ्याच जणांनी विचारलं. पुस्तकाचा मजकूर प्लगइनमधून वाचला जातो, त्यामुळे जुना सेव्ह उघडला तरी पुस्तकात नवं नाव दिसतं. रोजनिशीत आधी उमटलेल्या नोंदी मात्र तशाच राहतात. नवीन खेळ सुरू करायची गरज नाही.

पाडव्याच्या आठवड्यात आवृत्ती आली. पहिले काही दिवस पुस्तकांबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही, आणि या कामात तेच अपेक्षित असतं. मग एक तक्रार आली. एका खेळाडूनं चित्रं जोडून, अगदी मुद्देसूद, कळवलं होतं की तुम्ही नावं सुधारल्याचं म्हणता, पण खानावळवाल्याच्या उधारीच्या पत्रात सातपैकी पाच नावं चुकीची आहेत. मी वहीतली ओळ उत्तरात चिकटवली, नोंद ‘जसं आहे तसं’ म्हणून बंद केली, आणि त्यांना विचारलं की पुढच्या फेरीत संवादांची वही करायला माणूस हवाय, येता का. चाचणीची तीन पत्रकं त्यांना मीच पाठवली आहेत.